ब्रेक दाबताच गाडी थरथरते?

महाबळेश्वरची सहल आटोपून एक कुटुंब परतीला निघाले आहे. मुले मागच्या सीटवर पेंगुळलेली, डिकीत स्ट्रॉबेरीच्या पेट्या. पाचगणी मागे पडते, पसरणी घाटाचा उतार लागतो आणि ब्रेक दाबताच स्टिअरिंग हातात थरथरू लागते. ‘रस्ताच खराब आहे,’ असे वडील म्हणतात. पण पुढे गुळगुळीत रस्त्यावरही तोच अनुभव. ही थरथर म्हणजे गाडीने दिलेली सूचना असते. ती वेळीच ओळखली, तर धोकाही टळतो आणि गॅरेजमधला नाहक खर्चही.

आधी एवढे पाहा

मोकळ्या, सरळ रस्त्यावर ब्रेकला पाय न लावता गाडी ताशी ६० ते ८० किलोमीटर वेगाने चालवा. तेव्हाही थरथर असेल तर दोष बहुधा चाकाच्या बॅलन्सिंगमध्ये, टायरमध्ये किंवा वाकलेल्या रिममध्ये असतो. फक्त ब्रेक लावतानाच थरथर होत असेल, तर ब्रेककडे लक्ष द्यावे लागेल.

नंतर थरथर कुठे जाणवते ते पाहा. स्टिअरिंग हलत असेल तर पुढच्या चाकांचे ब्रेक तपासावेत. सीट आणि गाडीचा तळ हादरत असेल तर मागच्या चाकांवर संशय घ्यावा. खात्रीसाठी, लिव्हरचा हँडब्रेक असलेली गाडी रिकाम्या मैदानात ताशी २० किलोमीटर वेगाने सरळ चालवा. लिव्हरचे बटण दाबून धरा आणि हँडब्रेक हळूहळू ओढा. गाडी हादरली तर दोष मागच्या ब्रेकमध्ये आहे. बटणाच्या इलेक्ट्रॉनिक हँडब्रेकवर मात्र हा प्रयोग करू नये.

डिस्क खरेच वाकडी होते का?

‘साहेब, डिस्क वाकली, बदलावी लागेल,’ हे गॅरेजमधले ठरलेले उत्तर. प्रत्यक्षात बहुतेक वेळा डिस्क वाकलेली नसते. तिची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नसते. ०.०२ मिलीमीटरचा फरकही पायाखालच्या पेडलला धक्के देऊ शकतो.

हा फरक येतो कसा? पंक्चर काढताना चाकाचे नट कमीजास्त आवळले, किंवा डिस्क आणि हब यांच्यामध्ये गंज राहिला, तर डिस्क किंचित तिरकी बसते. मग प्रत्येक फेरीला तिचा तोच भाग पॅडला घासतो आणि काही हजार किलोमीटरनंतर थरथर सुरू होते. कॅलिपरच्या पिना जाम झाल्या तरी पॅड पूर्ण सुटत नाही आणि डिस्क तापत राहते. अशा वेळी गाडी एका बाजूला ओढते आणि चाकाजवळ जळका वास येतो. चाक चटका देण्याइतके तापलेले असते, म्हणून हात लावून पाहू नये.

म्हणूनच हब साफ न करता नुसती नवी डिस्क बसवली, तर काही महिन्यांत दुखणे परत येते. मेकॅनिककडून डायल गेज लावून डिस्क तपासून घ्या. लेथवर डिस्क घासून सारखी करता येते, पण कमीत कमी किती जाडी राहिली पाहिजे, हा आकडा बहुधा डिस्कवरच कोरलेला असतो. त्याखाली गेलेली डिस्क मात्र बदलायलाच हवी. नट एकाआड एक, ठरावीक ताकदीनेच आवळावेत. पान्यावर उभे राहून नव्हे!

मागे ड्रम असतील तर ड्रमची गोलाई बिघडली आहे का ते पाहावे. पुढच्या चाकाचे बुश किंवा बॉल जॉइंट झिजले असतील, तर ब्रेकमधला लहानसा दोषही मोठा जाणवतो.

ही थरथर दोष नव्हे

ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबला आणि पेडल पायाखाली धडधडले, तर घाबरू नका. ते एबीएसचे काम आहे. चाके जाम होऊन गाडी घसरू नये म्हणून ही यंत्रणा ब्रेकचा दाब भराभर कमीजास्त करते. अशा वेळी पाय उचलू नका, पेडल दाबूनच ठेवा.

गाडी कधी थांबवावी?

पेडल खाली खाली जात असेल, लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज येत असेल किंवा ब्रेकचा लाल दिवा लागला असेल, तर गाडी पुढे नेऊ नका. टो करूनच गॅरेजला न्या. घाट उतरताना खालचा गिअर ठेवा आणि ब्रेकवर सतत पाय ठेवू नका. ब्रेक तापलेले असताना चाकांवर पाणीही मारू नका.

पुढची सहल ठरली की हॉटेलचे बुकिंग आठवणीने होते. त्याच आठवड्यात अर्धा तास गाडीच्या चाकांसाठीही काढा. मागच्या सीटवर निर्धास्त झोपलेली मुले तुमच्याच भरवशावर असतात.