चुका द्या, फॉन्ट घ्या

देवनागरीचा चांगला फॉन्टसंच विकत घ्यायचा तर नुसती किंमत बघून भागत नाही. लाइटपासून ब्लॅकपर्यंत प्रत्येक वजनाचे वेगळे पैसे, त्यावर डेस्कटॉप, वेबसाइट, ॲप आणि ई-बुक यांचे निरनिराळे परवाने. दिवाळी अंक, कवितासंग्रह, सहकारी संस्थांचे अहवाल अशी कामं घरी बसून करणाऱ्या माझ्यासारख्याला हा खर्च एका पुस्तकातून भरून काढता येत नाही. मुंबईच्या ‘एक टाइप’चा ‘मुक्ता’ खुल्या परवान्याखाली फुकट मिळतो आणि भरपूर कामाला येतो. पण सगळी पुस्तकं एकाच चेहऱ्याची काढता येत नाहीत. म्हणून मी काही विकतचे फॉन्ट पैसे न देता मिळवतो, आणि तेही चोरून नाही. अक्षरकाराला त्याच्या फॉन्टमधल्या मराठीच्या चुका शोधून देतो आणि बदल्यात परवाना घेतो.

हा सौदा जमतो, कारण अक्षरकाराची अडचण खरी असते. एका देवनागरी फॉन्टमध्ये शेकडो आकृत्या असतात आणि मराठी, हिंदी, नेपाळी, कोकणी, संस्कृत या सगळ्या भाषा त्यांवरच चालतात. आखणी करताना समोर बहुधा हिंदी मजकूर असतो. एखादी आकृती फॉन्टमध्ये आहे की नाही, हे तपासणारी सॉफ्टवेअरं आहेत. ती आकृती मराठी वाचणाऱ्याला खटकेल का, हे सॉफ्टवेअरं सांगू शकत नाहीत. त्यासाठी रोज मराठी वाचणारा माणूसच लागतो.

चाचणीपुरती आवृत्ती हातात आली की मी आधी ‘ल’ आणि ‘श’ बघतो. मराठी ‘ल’ दोन पाकळ्यांचा; हिंदी वळणाच्या ‘ल’ला उजवीकडे उभा दंड. राज्य सरकारच्या २०२२ च्या शासन निर्णयानेही पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ वापरायला सांगितलं आहे. ओपनटाइप फॉन्टमध्ये दोन्ही रूपं ठेवता येतात आणि मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी निवडली की आकृती आपोआप बदलण्याची सोय करता येते. चूक बहुतेकदा या सोयीच्या कडेला सापडते. पूर्ण ‘ल’ बदललेला असतो, पण ‘गल्ली’मधला अर्धा ‘ल’ जुन्याच वळणाचा राहतो. ‘श’ देठाचा होतो, ‘निश्चय’मधला ‘श्च’ मात्र तसाच. एका ओळीत दोन भाषांची वळणं दिसतात.

मग ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ शेजारी शेजारी टाइप करायचे. पहिल्यात डोक्यावर रफार, दुसऱ्यात ‘य’च्या अंगाला चिकटलेला आडवा अर्धा ‘र’. हा दुसरा ‘र’ हिंदीत लागत नाही, त्यामुळे तो विसरला जातो. तो टाइप करायच्या रीतीही दोन: नुक्त्याचा ‘ऱ’ घेऊन त्याला हलन्त जोडायचा, किंवा साधा ‘र’, हलन्त आणि झिरो विड्थ जॉइनर ही न दिसणारी खूण. दोन्ही तपासाव्या लागतात, कारण लेखकांच्या फायलींत दोन्ही येतात. एका रीतीने नीट उमटणारा ‘सुऱ्या’ दुसऱ्या रीतीने ‘सुर्या’ झाला, तर कथेतला अर्थच बदलतो.

‘ॲ’साठी युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा २००८ साली आली. तरी ‘अ’ टाइप करून त्यावर अर्धचंद्र चढवणारे लेखक अजून आहेत, आणि अशा वेळी बऱ्याच ठिकाणी मधे ठिपक्यांचं वर्तुळ उमटतं. हा दोष फॉन्टचा नाही, टायपिंगचा. तो अहवालात घालायचा नाही. तसंच पानं जुळवायच्या इनडिझाइन या सॉफ्टवेअरमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर हा पर्याय निवडलेला नसला की पहिली वेलांटी भलत्या जागी पडते. म्हणून खटकलेली प्रत्येक गोष्ट मी इनडिझाइनमध्ये आणि ब्राउझरमध्ये अशी दोनदा बघतो. दोन्हीकडे तीच चूक दिसली, तरच ती अक्षरकाराच्या खात्यावर.

बाकीची चाचणी रोजच्या शब्दांची. ‘पार्किंग’मध्ये रफार, वेलांटी आणि अनुस्वार तिघे एकाच जागेवर हक्क सांगतात. ‘व्यक्तिमत्त्व’मधल्या वेलांटीची कमान ‘क्त’च्या दांडीपर्यंत पोचायला हवी, चांगल्या फॉन्टमध्ये त्यासाठी वेगवेगळ्या रुंदीच्या वेलांट्या काढलेल्या असतात. ‘महत्त्व’मध्ये तीन व्यंजनं स्पष्ट दिसली पाहिजेत. ‘मिठ्ठू’चा ऊकार खालच्या ओळीतल्या ‘सर्वांगीण’च्या रफाराला धडकतो का? ‘व्हॉट्सॲप’ मोडून पडतो का? आकडे, अवतरणचिन्हं, रुपयाचं चिन्ह हेही याच फेरीत उरकतं.

शेवटी सलग मजकूर. सुट्या शब्दांत न दिसणारे दोष इथे दिसतात: एखादं वजन पानभर काळं वाटतं, ‘ळ’ सगळीकडे ठळक उठून दिसतो, काना दोन शब्दांतली जागा खातो. हे पान मी कागदावर छापून, पुस्तकाच्याच आकारात वाचतो. पडद्यावर मोठं करून पाहिलेलं अक्षर फसवतं.

अहवाल लिहिताना ‘हे बरं दिसत नाही’ या वाक्याचा उपयोग शून्य. प्रत्येक चुकीपुढे चार गोष्टी लागतात: नेमकं काय टाइप केलं ते युनिकोड क्रमांकांसह, काय उमटलं त्याचं चित्र, काय उमटायला हवं होतं, आणि पुरावा म्हणून छापील नमुना. नमुन्यासाठी मला जुनी पुस्तकं फार उपयोगी पडतात. जावजी दादाजींनी १८६९ साली सुरू केलेल्या निर्णयसागर छापखान्याच्या पानांत जोडाक्षरांचा खजिनाच आहे. चुकांची प्रतवारीही करून द्यायची: अर्थ बदलणाऱ्या, वाचन अडवणाऱ्या आणि नुसत्या डोळ्याला टोचणाऱ्या. अक्षरकाराकडे वेळ थोडा असतो. त्याने कुठून सुरुवात करावी, हे त्याला पहिल्या पानावरच कळलं पाहिजे.

पहिल्या मेलमध्ये मी फॉन्ट मागत नाही. एका पानावर ठळक चुका पाठवतो आणि संपूर्ण तपासणी करायची तयारी सांगतो. मोबदला म्हणून कोणता परवाना हवा तेही त्याच मेलमध्ये, आडपडदा न ठेवता. काहींचं उत्तर येत नाही. काही आभार मानून थांबतात, आणि तो त्यांचा हक्क आहे. न सांगता केलेल्या कामाचं बिल लावता येत नाही. होकार आला तर अटी लेखी ठरवतो: किती वजनं, किती संगणक, ई-बुकमध्ये फॉन्ट घालता येईल का, पुढची दुरुस्त आवृत्ती मिळेल का. ‘वापरा हो, काही प्रश्न नाही’ हे प्रेमाचं वाक्य प्रकाशकाच्या वकिलापुढे टिकत नाही.

फुकट वस्तू मिळवायचा याहून सोपा रस्ता म्हणजे स्तुती. दोन ओळी कौतुकाच्या, पाच तारे, आणि कूपन हातात. भारतातल्या जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये इन्फ्लुएन्सरांसाठी नियम केले, त्यांत फुकट मिळालेल्या वस्तूचाही संबंध उघड करायला सांगितलं आहे. तसं उघड केलं की त्या कौतुकाचं वजन उतरतं. चुकांच्या यादीचं तसं होत नाही. ती मोबदला घेऊन केली असली तरी प्रत्येक नोंद टाइप करून पडताळता येते. म्हणून परीक्षण लिहून द्या म्हणणाऱ्याला मी नकार देतो. तपासणी आणि शिफारस एकाच हाताने केली तर दोन्ही संशयास्पद होतात.

ही वाट अक्षरजुळणी करणाऱ्यांपुरती नाही. मराठी कीबोर्ड, शब्दकोशाचं ॲप, मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, मुलांचे खेळ यांच्या निर्मात्यांनाही मराठी कुठे अडखळते हे सांगणारं कोणी हवं असतं. शाळेत शिकवणाऱ्याला, मुद्रितशोधन करणाऱ्याला, स्क्रीन रीडरवर वाचणाऱ्याला जे दिसतं किंवा ऐकू येतं, ते निर्मात्याला दिसत नाही. मात्र तासांचा हिशेब आधी करावा. तपासणीला लागणाऱ्या वेळात बाहेरचं काम करून तोच फॉन्ट विकत घेता येत असेल, तर सरळ पैसे मोजावेत. मी अदलाबदल तेवढ्याच फॉन्टांची करतो, जे पुढच्या पुस्तकांत खरोखर वापरणार आहे. ते मला नाहीतरी असेच बारकाईने तपासावे लागले असते.