हिरव्या पतंगाची पाचर

दिव्यावर येणारा नखाएवढा हिरवा पतंग नांदेडला आणि लातूरला एकच, अशी माझी बरीच वर्षे समजूत होती. याचीच अळी ती ठिपक्यांची बोंडअळी. कापसाचे, भेंडीचे कोवळे शेंडे ती आधी पोखरते, मग पात्या-बोंडांत शिरते. पण या एका नावाखाली दोन जाती नांदतात : इअरियस व्हिटेला आणि इअरियस इन्सुलाना.

पतंग पंख मिटून बसला की पाहावे. व्हिटेलाचा पुढचा पंख पिवळसर पांढरा. त्याच्या मधोमध खांद्यापासून बाहेरच्या कडेकडे रुंद होत गेलेला हिरवा पट्टा, पाचर ठोकावी तसा. इन्सुलानाला पाचर नाही. पंख सगळाच हिरवा, फार तर आडव्या गडद रेषा. मग घोटाळा कुठे होतो? इन्सुलानाचा हिरवा रंग ऋतूप्रमाणे बदलतो. थंडी पडू लागली की तिचे पतंग पिवळे, वाळल्या गवतासारखे, कधी तपकिरीही निघतात. नुसत्या रंगावर जाणारा त्यांना तिसरीच जात समजतो. (मीही समजलो होतो.)

१८३३ मध्ये बोइसदुवाल यांनी मादागास्कर आणि शेजारच्या बेटांवरील कीटकांच्या ग्रंथात इन्सुलानाला नाव दिले, अर्थ 'बेटावरची'. ओढा मात्र कोरड्या मुलखाचा : आफ्रिका, भूमध्य समुद्राचा काठ, पश्चिम आशिया, आपल्याकडे वायव्य भारत. फाब्रिसियस यांनी १७९४ मध्ये वर्णिलेली व्हिटेला, जुन्या भारतीय पुस्तकांतली 'फॅबिया', अधिक पावसाची. भारतापासून ऑस्ट्रेलियापर्यंत पसरलेली.

हे वाचले आणि मी फसलो. लातूरला नांदेडपेक्षा पाऊस कमी, म्हणून तिथला प्रत्येक पतंग वहीत 'इन्सुलाना' झाला. पुढे टाचून ठेवलेले पतंग भिंगाखाली धरले, तर हिरवा रंग उडालेला, पण बऱ्याच पंखांवर पाचरेची कड शाबूत! मराठवाडा दोन्ही मुलखांच्या सांध्यावर आहे. इथे गावाच्या नावावरून जात ठरत नाही.

जे टाचून ठेवलेच नाहीत, त्यांचे काय? २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि पुढे कापसातली ही अळी फार कमी झाली. आता पतंग हवा असेल तर मी भेंडीचे वाफे आणि बांधावरची अंबाडी धुंडाळतो. त्याआधीच्या कापसातल्या माझ्या नोंदी पुन्हा तपासता येणार नाहीत. त्यांच्यापुढचे 'इन्सुलाना' खोडून मी एवढेच लिहिले आहे : 'इअरियस, पाचर पाहिली नाही.'