ज्वारीचें माहेर आणि सासर



महाराष्ट्रांतील पुष्कळ घरांत ज्वारीची भाकर ही इतकी नित्याची वस्तु आहे कीं, हें धान्य मूळचें आपलें नाहीं असें कोणी सांगितलें तर त्यावर सहसा विश्वास बसावयाचा नाहीं. पण वनस्पतिशास्त्रज्ञांचें याविषयीं दुमत नाहीं. ज्वारीचें माहेर आफ्रिकेंत, सुदान व इथिओपिया यांच्या बाजूच्या गवताळ प्रदेशांत आहे. हजारों वर्षांपूर्वीं ती आपल्याकडे आली, येथील काळ्या जमिनींत रुजली आणि सासरचीच होऊन गेली. गेल्या साठ-सत्तर वर्षांत या पिकाच्या सुधारणेसाठीं जें संशोधन झालें, त्यानें हें जुनें नातें पुन्हां जोडलें आहे. त्या संशोधनानें काय साधलें व काय साधावयाचें राहिलें, हें आज आपणांपुढें मांडावयाचें आहे.

उदाहरणादाखल वर्धा जिल्ह्यांतील आर्वी तालुक्याचा, रोहण्याच्या आसपासचा मुलूख घ्या. पुलगांवाहून आर्वीस जाणारी, आतां बंद पडलेली अरुंद रुळांची आगगाडी या रोहण्यावरूनच जात असे. या मुलुखांत कापूस हें पैशाचें पीक व ज्वारी हें पोटाचें पीक, अशी वांटणी पिढ्यान् पिढ्या चालत आली. ज्वारीनें माणसांना भाकर, कण्या आणि आंबील दिली, आणि गोठ्यांतील जनावरांना कडबा दिला. गवळाऊ जातीच्या चपळ बैलांचें घर हाच जिल्हा होय, आणि बैल पोसावयाचे तर कडबा हवाच. म्हणून येथील शेतकरी ज्वारीचें मोल ठरवितांना दाण्याच्या पोत्यांबरोबर कडब्याच्या पेंढ्याहि मोजीत असे. पुढील हकीकत समजण्यास ही गोष्ट ध्यानांत ठेवणें अवश्य आहे.

आतां संकरित ज्वारीकडे वळूं. दोन निराळ्या वाणांचा संकर केला असतां पहिल्या पिढींतील झाड आईबापांपेक्षां जोमदार निघतें, हें पूर्वींच ठाऊक झालेलें होतें. अडचण होती ती ज्वारीच्या फुलाची. त्यांत पुंकेसर व स्त्रीकेसर एकत्रच असतात आणि फूल बहुधा आपल्याच परागानें फळतें. कणसांतील हजारों बारीक फुलांचे परागकोश हातानें काढीत बसलें, तर एका शेताचें बियाणेंहि व्हावयाचें नाहीं. १९५४ सालीं अमेरिकेंतील टेक्सास येथें स्टीफन्स आणि हॉलंड या संशोधकांनीं यावर उपाय शोधून काढला. ‘मायलो’ नांवाच्या ज्वारीच्या मादीवर ‘काफिर’ ज्वारीचा संकर केला असतां, पुढील पिढ्यांत कांहीं झाडें अशीं निघत कीं, त्यांस चांगला पराग धरतच नसे. अशा झाडांच्या ओळीशेजारीं दुसऱ्या वाणाची ओळ लावली म्हणजे वाराच संकराचें काम करतो. लक्षांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, मायलो व काफिर या दोन्ही आफ्रिकेंतून अमेरिकेंत गेलेल्या ज्वारी आहेत.

याच युक्तीनें १९६४ सालीं भारतांतील पहिली संकरित ज्वारी, सी. एस. एच. १, प्रसारित झाली. ती ठेंगणी होती, सुमारें १०० दिवसांत तयार होई, आणि खतपाणी मिळालें तर देशी वाणापेक्षां कितीतरी अधिक दाणा देई. मागाहून आलेल्या सी. एस. एच. ५ व सी. एस. एच. ९ या संकरांचा बाप सी. एस. ३५४१ हा वाण होय. त्याचें मूळ सुदान-इथिओपिया सरहद्दीकडील ‘झेराझेरा’ ज्वारींत आहे. सी. एस. एच. ९ महाराष्ट्रांत फार मोठ्या क्षेत्रावर पेरली गेली. टंचाईच्या त्या काळांत या संकरांनीं केलेलें काम विसरतां येणार नाहीं.

परंतु लौकरच एक उणीव दिसून आली. दाणा भरून पक्व होण्याच्या वेळीं पाऊस लागला कीं ज्वारी काळी पडूं लागली. फ्यूजॅरियम, कर्व्ह्युलॅरिया इत्यादि बुरशा दाण्यावर चढतात. दाणा हलका होतो, पिठास कडवट वास येतो, आणि बाजारांत अशा मालाला भाव मिळत नाहीं. प्रश्न केवळ भावाचा नाहीं. १९९५ सालीं दख्खनच्या पठारावरील कांहीं खेड्यांत पावसानें भिजून बुरसलेली ज्वारी व मका खाल्ल्यामुळें लोकांना पोटदुखी आणि जुलाब यांचा त्रास झाला. तपासाअंतीं फ्यूजॅरियम बुरशीनें निर्माण केलेलें विष हें त्याचें कारण ठरलें.

देशी ज्वारी तितकीशी काळी कां पडत नसे? देशी खरीप वाण दिवसमानाचा अंदाज घेऊन फुलावर येतात. पेरणी चार दिवस आधीं होवो वा नंतर होवो, दिवस लहान होऊं लागल्याखेरीज त्यांचें कणीस बाहेर पडत नाहीं. त्यामुळें दाणा भरतो तो पाऊस ओसरल्यावर, कोरड्या हवेंत. संकरित ज्वारीला हें बंधन नव्हतें. शंभर दिवस भरले कीं ती पिके, मग वर आभाळ असो कीं ऊन. ज्या उशिरास आपण देशी वाणाचा दोष मानीत होतों, तो त्याचा बंदोबस्त होता. रब्बीची ज्वारी या संकटांतून सुटते, कारण ती हिंवाळ्यांतच पिकते. शहरांतील घरांत आज आवडीनें घेतली जाणारी मालदांडी, आणि तिच्यांतून मोहोळच्या संशोधन केंद्रावर निवडलेला एम ३५-१ हा वाण, रब्बीचेच आहेत. विदर्भाची ज्वारी मात्र मुख्यतः खरिपाची.

हाच धडा आफ्रिकेंतहि गिरवावा लागला. पश्चिम आफ्रिकेंतील माली देशांत ‘ग्विनी’ वंशाची उंच ज्वारी लावतात. तीहि दिवसमान पाहून फुलते. तिचीं तुसें पक्वतेच्या वेळीं उघडतात, दाणा मोकळा वाळतो व कठीण राहतो. बाहेरून आणलेले ठेंगणे वाण तेथील शेतकऱ्यांनीं फारसे स्वीकारले नाहींत. तेव्हां संशोधकांनीं ग्विनी ज्वारीचेच संकर तयार केले आणि ते शेतकऱ्यांच्या शेतांवर, त्यांच्याच हातानें पारखून घेतले. त्यांतील उत्तम तीन संकरांनीं स्थानिक वाणापेक्षां सरासरी ३० टक्के अधिक उत्पन्न दिलें.

दुसरें उदाहरण टारफुल्याचें. पांढऱ्या इवल्या फुलांची ही बांडगुळी वनस्पति विदर्भाच्या शेतकऱ्याला चांगली परिचित आहे. आफ्रिकेंत तिची जांभळट फुलांची मोठी बहीण ज्वारीचीं शेतेंच्या शेतें बसविते. एका झाडाला पन्नास हजारांवर बिया येऊं शकतात व त्या जमिनींत वर्षानुवर्षें जिवंत राहतात. ज्वारीच्या मुळांतून पाझरणाऱ्या एका द्रव्याचा सुगावा लागला म्हणजेच बीं उगवतें, आणि मुळाला चिकटून रस शोषूं लागतें. इथिओपियांत जन्मलेले शास्त्रज्ञ डॉ. गेबिसा एजेटा यांनीं १९८३ सालीं सुदानांत ‘हजीन दुरा १’ ही अवर्षणाला टिकणारी संकरित ज्वारी दिली होती. पुढें अमेरिकेंतील पर्ड्यू विद्यापीठांत त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं हें द्रव्य अत्यल्प पाझरणारे वाण निवडले. १९९४ सालीं अशा वाणांचें आठ टन बियाणें आफ्रिकेंतील बारा देशांत वांटण्यांत आलें. २००९ चें जागतिक अन्न पारितोषिक त्यांना मिळालें.

गंमत अशी कीं, या जातीचें द्रव्य १९६६ सालीं प्रथम ओळखलें गेलें तें कपाशीच्या मुळांतून. कपाशीच्या मुळापाशीं टारफुल्याचें बीं उगवतें खरें, परंतु कपाशीवर त्याला पोसतां येत नाहीं, म्हणून तें उपासमारीनें मरतें. कापूस व ज्वारी यांची जी फेरपालट वर्ध्याकडे रूढ होती, तिचा हाहि एक गुण होता.

देवघेव एकेरी नाहीं. हैदराबादजवळ पाटणचेरू येथें १९७२ सालीं स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेंत निपजलेला ‘एस ३५’ हा वाण १९८६ सालीं कॅमेरूनमध्यें व १९८९ सालीं चाडमध्यें प्रसारित झाला. लौकर पिकणारा असल्यानें अल्प पावसाच्या त्या प्रदेशांत तो उपयोगी पडला. याच संस्थेंत ज्वारीचे ३५ हजारांहून अधिक नमुने शीतगृहांत जपून ठेविले आहेत. त्यांत आफ्रिकेंतील आणि आपल्याकडील गांवोगांवच्या वाणांचा मोठा भरणा आहे.

विदर्भाच्या खरीप ज्वारीचा प्रश्न मात्र अजून पुरता सुटलेला नाहीं. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषि विद्यापीठांत व अन्यत्र त्यावर काम चालतें. तांबड्या, तुरट दाण्याला बुरशी कमी लागते, पण त्याची भाकर कोणाला रुचत नाहीं. पांढरा, कठीण, बुरशीला दाद न देणारा दाणा आणि भरपूर कडबा, हीं सर्व एका ताटावर आणावयाचीं आहेत. दरम्यान शेतकरी थांबलेला नाहीं. ज्वारीच्या जागीं सोयाबीन आलें. पैसा आला, परंतु घरचें धान्य दुकानांतून आणण्याची वेळ आली आणि कडब्यावांचून बैल ठेवणें जड झालें. ज्वारी पेरणें बंद झालें कीं दोन-चार वर्षांत घरचें बीं जातें, आणि त्याबरोबर शेंकडों वर्षांच्या निवडीचें संचितहि जातें. शीतगृहांत ठेविलेलें बीं टिकतें, पण तें दरवर्षींच्या नव्या पावसाशीं व नव्या किडीशीं झुंजत नाहीं. तें काम शेतांतच होतें.

पिकाची सुधारणा एकरीं किती मण एवढ्यावरच मोजून भागणार नाहीं. तो वाण कोणत्या आभाळाखालीं पिकावयाचा, त्याचीं ताटें कोणी खावयाचीं आणि त्याची भाकर कोणत्या तव्यावर भाजावयाची, याचा विचार प्रयोगशाळेंत प्रथमपासून व्हावयास हवा. हें मालीच्या शेतकऱ्याला जितकें लागू, तितकेंच रोहण्याच्या शेतकऱ्याला लागू. शहरांतील आपण मंडळी दुकानांत जें धान्य मागतों, त्यावरहि शेतकऱ्यानें काय पेरावें हें थोडेंबहुत ठरत असतें. पुढील खेपेस वाणसामान भरतांना मालदांडीबरोबर विदर्भाच्या खरीप ज्वारीचीहि चौकशी करावी, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतों.