लांबचा विमानप्रवास आणि डोकेदुखी

आपल्या धर्मग्रामांतील कुटुंबांचे विमानाशी असलेले नाते गेल्या काही दशकांत फार बदलले आहे. एके काळी आखाती देशांत नोकरीस जाणारा घरातील एखादा तरुणच काय तो विमानात बसे. आता मुलीच्या बाळंतपणासाठी आई कॅनडाला जाते, सत्तरी ओलांडलेले आजी-आजोबा पवित्र भूमीच्या यात्रेला निघतात. २०२५च्या जुबिली वर्षात अनेक भाविक रोमलाही जाऊन आले. मात्र प्रवासाहून परतलेल्यांशी बोलताना एक तक्रार आम्हांला वारंवार ऐकू येते, ती म्हणजे विमानात होणारी डोकेदुखी.

काही वर्षांपूर्वी आम्ही एका यात्रेकरू गटासमवेत अम्मानला चाललो होतो. विमान खाली उतरू लागले आणि शेजारच्या आसनावरील मावशींनी एकाएकी उजव्या भुवईवर तळहात दाबून धरला. "फादर, डोळ्याच्या मागे कोणीतरी दाभण खुपसतंय," एवढेच त्या म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. विमानतळावर उतरून सामान हाती येईपर्यंत वेदना पार मावळली होती. पण भीती मावळली नाही. मेंदूतील शीर तुटता तुटता वाचली, अशी त्यांची समजूत झाली आणि पुढे मेलबर्नला नातवाच्या बाप्तिस्म्यासाठी काढलेले तिकीट त्यांनी रद्द करून टाकले. बाप्तिस्मा आजीविना झाला. तो काय प्रकार होता हे त्यांना, आणि खरे सांगायचे तर आम्हांलाही, तेव्हा ठाऊक असते तर ही वेळ आली नसती.

वैद्यकशास्त्राने या दुखण्याची दखल तशी उशिराच घेतली. २००४ साली अशा एका रुग्णाचे वर्णन वैद्यकीय नियतकालिकात आले आणि आता डोकेदुखीच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात 'विमानप्रवासाची डोकेदुखी' असा तिला स्वतंत्र उल्लेख लाभला आहे. तिची लक्षणे ठरावीक आहेत. ती बहुधा विमान उतरताना सुरू होते, डोक्याच्या एकाच बाजूस, कपाळात किंवा डोळ्याभोवती टोचल्यासारखी तीव्र कळ येते आणि साधारणतः अर्ध्या तासात आपोआप थांबते.

याचे कारण समजण्यासाठी पाण्याची एक रिकामी बाटली पुरे. उंचावर असताना ती घट्ट बंद करून ठेवावी. विमान जमिनीवर आले की ती आत चेपलेली दिसते. विमानातील हवेचा दाब जमिनीवरील दाबाइतका नसतो. तो सहा ते आठ हजार फूट उंचीवरच्या डोंगरावर असावा तितका, म्हणजे जमिनीवरच्या दाबाच्या सुमारे पाऊणपट, ठेवलेला असतो. म्हणजे प्रवासी तासन् तास कळसूबाईच्या शिखराहूनही उंच जागी बसलेला असतो. विमान उतरू लागले की दाब वाढतो. आपल्या कपाळात व नाकाच्या दोन्ही बाजूंच्या हाडांत हवेने भरलेल्या पोकळ्या असतात. त्यांनाच सायनस म्हणतात. त्यांची नाकात उघडणारी वाट मोकळी असेल तर आतला व बाहेरचा दाब सहज समान होतो. सर्दीने किंवा ॲलर्जीने ती वाट सुजलेली असेल तर पोकळीची अवस्था त्या बाटलीसारखी होते. मात्र हाड चेपत नाही, आतील नाजूक अस्तरावर ताण येतो. ही कळ बहुधा तिथूनच उठते, असे तज्ज्ञ मानतात.

म्हणून भरगच्च सर्दी असताना शक्यतो प्रवास पुढे ढकलावा. ते शक्य नसेल तर नाक मोकळे करणारे थेंब उतरण्यापूर्वी सुमारे अर्धा तास नाकात घालण्याचा उपयोग होतो. रक्तदाब, हृदयविकार किंवा काचबिंदू असणाऱ्यांनी ते डॉक्टरांना विचारूनच वापरावेत. उतरताना झोपून राहू नये. लिमलेटची गोळी चघळावी, जांभया द्याव्यात, किंवा तोंड मिटून, नाक चिमटीत धरून हळुवार हवा ढकलावी. जोर मात्र लावू नये. दुखणारी जागा तळहाताने दाबून धरल्यानेही काहींना आराम पडतो. मावशींनी ते नकळत केलेच होते. ज्यांना दर वेळी त्रास होतो, त्यांना डॉक्टर प्रवासापूर्वी घ्यावयाची वेदनाशामक गोळी सुचवू शकतात.

प्रवासाच्या मध्यावर जे डोके ठणकू लागते त्याची कारणे अधिक साधी आणि, थोडे स्पष्ट बोलायचे तर, पुष्कळदा आपणच ओढवून घेतलेली असतात. मुंबईहून परदेशी जाणारी अनेक विमाने मध्यरात्रीनंतर सुटतात. वसईकर मंडळी वाहतुकीच्या धास्तीने संध्याकाळीच घर सोडतात. त्याआधी निरोप द्यायला सगळी आळी लोटलेली असते, जेवण जड झालेले असते आणि झोपेचा पत्ता नसतो. त्यात विमानातील हवा अत्यंत कोरडी. आर्द्रता बहुधा वीस टक्क्यांहूनही कमी. फुकट मिळते म्हणून वाइनचे दोन पेले अधिक घेतले की डोके धरलेच म्हणून समजा.

आपली ज्येष्ठ मंडळी शौचालयात जाण्याच्या संकोचाने पाणीच पीत नाहीत. त्यांनी कडेचे आसन मागून घ्यावे आणि थोडे थोडे पाणी पीत राहावे. रिकामी बाटली सोबत ठेवून सुरक्षा तपासणीनंतर ती भरून घेता येते. यात्रेत पुढे मिस्सा आहे म्हणून काही भाविक पाणी व गोळ्याही टाळतात. ख्रिस्तसभेच्या नियमानुसार ख्रिस्तशरीर स्वीकारण्यापूर्वीच्या तासाभराच्या उपवासात पाणी आणि औषध वर्ज्य नाही. रोजचा चहाही एकाएकी चुकवू नये, कारण त्याची सवय असलेल्यांचे डोके तेवढ्यानेही दुखते. अर्धशिशीच्या रुग्णांनी जेवणाच्या वेळा सांभाळाव्यात आणि प्रकाश टाळण्यासाठी डोळ्यांवर पट्टी बांधावी.

साध्या डोकेदुखीवर पॅरासिटामॉल बहुतेक प्रौढांना चालते. यकृताचा विकार असल्यास मात्र आधी विचारावे. आयबुप्रोफेन मूत्रपिंडाचा विकार, पोटातील व्रण किंवा रक्त पातळ करणारी औषधे असणाऱ्यांनी मनाने घेऊ नये, आणि लहान मुलांना ॲस्पिरिन देऊ नये.

डोकेदुखी क्षणार्धात अत्यंत तीव्र झाली, जीभ अडखळू लागली, एक हात किंवा पाय लुळा पडला, दृष्टी गेली, किंवा तापासह मान ताठरली, तर मात्र वाट न पाहता विमानातील कर्मचाऱ्यांना ताबडतोब सांगावे. अशी कळ आयुष्यात पहिल्यांदाच आली असेल तर, ती थांबली तरी, परतल्यावर डॉक्टरांना दाखवावे.

औषधे हातातल्या पिशवीत, मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह ठेवावीत. आखाती देशांत जाणाऱ्यांनी विशेष काळजी घ्यावी: कोडीन किंवा ट्रॅमाडॉल असलेल्या वेदनाशामक गोळ्यांवर संयुक्त अरब अमिरातीत कडक निर्बंध आहेत, तेव्हा शेजाऱ्याने दिलेली गोळी तिचे नाव न वाचता सोबत नेऊ नये.