विज्ञानाच्या तासाचे नियम कुणासाठी?

शाळा सुरू झाल्या की घराघरांत तोच गलबला असतो. वह्यांना खाकी कव्हरे घालायची, नावाच्या चिठ्ठ्या चिकटवायच्या, नवा डबा, नवी बाटली. मूल पाचवीतून सहावीत गेले की आणखी एक गोष्ट घरात येते, ती म्हणजे विषयवार शिक्षकांच्या सूचनांचे कागद. इंदूरला स्नेहलतागंजात राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीने तिच्या मुलीच्या शाळेतून आलेला विज्ञानाचा कागद फोनवर पाठवला आणि खाली विचारले, "तुमच्याकडेही असंच असतं का गं?"

असते, थोड्याफार फरकाने असेच असते. वही दोनशे पानी हवी. आकृती पेन्सिलीने, मजकूर निळ्या शाईने. समास सोडावा. गृहपाठ राहिल्यास पालकांची सही. परवानगीशिवाय साहित्याला हात लावू नये. शंका तासाच्या शेवटी विचाराव्यात. असे चौदा नियम होते. त्यातले बहुतेक वहीबद्दल, काही शिस्तीबद्दल. 'प्रयोग' हा शब्द मला एकदाच सापडला, तोही 'प्रयोगवही' या जोडशब्दात.

शिस्त नको असे कोण म्हणेल? पण हा कागद इंदूरहून आला म्हणून मला जास्त टोचला. ज्या राज्यातून तो आला, त्याच राज्यात एकेकाळी सहावी ते आठवीच्या विज्ञानवर्गाचे नियम अगदी वेगळ्या पद्धतीने लिहिले गेले होते आणि ते तीस वर्षे चालले होते. आपल्याकडच्या पालकांना ही हकिकत फारशी ठाऊक नाही, म्हणून ती आज सांगते.

वर्ष 1972. नर्मदाकाठच्या होशंगाबाद जिल्ह्यात (2022 पासून या शहराचे आणि जिल्ह्याचे नाव नर्मदापुरम झाले आहे) दोन संस्था काम करत होत्या. एक किशोर भारती आणि दुसरी रसूलिया येथील फ्रेंड्स रूरल सेंटर. किशोर भारतीचे अनिल सद्गोपाल मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था सोडून खेड्यात आलेले शास्त्रज्ञ. या मंडळींनी मध्य प्रदेश सरकारकडे एक परवानगी मागितली. सरकारी माध्यमिक शाळांत, म्हणजे सहावी-सातवी-आठवीत, आम्हाला विज्ञान वेगळ्या रीतीने शिकवून पाहू द्या. सरकारने सोळा शाळा दिल्या. पुढे दिल्ली विद्यापीठातले प्राध्यापक, मुंबईचे संशोधक आणि गावोगावचे शिक्षक या कामात सामील झाले. 1978 मध्ये ही पद्धत साऱ्या जिल्ह्यात लागू झाली. 1982 मध्ये 'एकलव्य' ही संस्था स्थापन झाली आणि तिने ते काम पुढे नेले. अखेरीस ते राज्याच्या पंधराएक जिल्ह्यांतल्या शाळांपर्यंत पोहोचले. 'होशंगाबाद विज्ञान' या नावाने ते ओळखले जाते.

या वर्गाची रीत अशी होती. मुले चार-चारच्या टोळीत बसत. प्रत्येक टोळीला स्वतःचे साहित्य मिळे. भिंग, चुंबक, परीक्षानळ्या, दोरा, सुया असे साधेसुधे आणि जमेल तेवढे जवळपास मिळणारे. हातात 'बाल वैज्ञानिक' नावाचे पुस्तक. त्या पुस्तकात उत्तरे नव्हती! प्रयोग कसा करायचा हे सांगितलेले आणि मध्ये मध्ये प्रश्न. उत्तर मुलांनी करून, पाहून, भांडून आपल्या वहीत आपल्या शब्दांत लिहायचे. त्यामुळे दोन मुलांच्या वह्या सारख्या नसत, आणि सारख्या निघाल्या तर शिक्षकांना शंका येई.

परीक्षेचा नियम तर आपल्या कानांना विचित्रच वाटेल. परीक्षेला पुस्तक आणि स्वतःची वही घेऊन बसायची मुभा होती. शिवाय हाताने प्रयोग करून दाखवण्याची परीक्षा वेगळी. जे पुस्तकात पाहून लिहिता येत नाही तेच विचारायचे, मग पुस्तक समोर असले काय नि नसले काय!

आता या नियमांकडे जरा नीट पाहा. त्यात मुलांकडून अपेक्षा आहेतच. टोळीत काम करा, निरीक्षण लिहा, आपले म्हणणे मांडा. पण त्याहून जास्त अपेक्षा मोठ्यांकडून आहेत. साहित्य वेळेवर आले पाहिजे. शिक्षकांचे उन्हाळ्यात तीन आठवड्यांचे प्रशिक्षण झाले पाहिजे, आणि तिथे शिक्षकांनी स्वतः तेच प्रयोग मुलांसारखे बसून करायचे. वर्ष सुरू झाल्यावर शिक्षकांची मासिक गोष्ठी भरे. कुठला प्रयोग फसला, का फसला, याची चर्चा तिथे होई. आणि मुलाने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर शिक्षकाला येत नसेल तर "मला माहीत नाही, शोधू या" असे म्हणायला लाज वाटायचे कारण नव्हते. मुलांच्या प्रश्नांसाठी 'सवालीराम' नावाचे एक काल्पनिक पात्रच तयार केले होते. मुलांनी त्याच्या नावे पत्र टाकायचे, आणि मागे बसलेली जाणकार मंडळी उत्तर पाठवायची. इंदूरच्या कागदातला 'शंका तासाच्या शेवटी' हा नियम आणि हा सवालीराम एकाच राज्यातले, यावर विश्वास बसत नाही.

मला यातला सगळ्यात आवडलेला भाग मोजमापाचा. वर्गातल्या सगळ्यांनी एकच टेबल मोजायचे. प्रत्येकाचे उत्तर थोडे वेगळे येते. आपल्या शाळेत अशा वेळी बाई खरे उत्तर फळ्यावर लिहितात आणि बाकीचे खोडरबराने पुसतात. इथे तो फरकच धड्याचा विषय होता. फरक का पडला? पट्टीचे टोक झिजले होते का? कोणी तिरके पाहिले? सगळ्यांची उत्तरे मांडली तर बहुतेक कुठे जमतात? सहावीतल्या मुलाला यातून जे कळते ते पुढे बी.एस्सी. झालेल्यांनाही कधी कधी कळलेले नसते. मापनात फरक राहतोच, तो लपवायचा नसतो. म्हणून विज्ञानाच्या वहीचा खरा नियम एकच असावा असे मला वाटते. एकदा लिहिलेले निरीक्षण पुसायचे नाही. चुकले वाटले तर एक आडवी रेघ मारून शेजारी नवे लिहावे.

मग इतके चांगले होते तर बंद का पडले? जुलै 2002 मध्ये राज्य सरकारने हा कार्यक्रम थांबवला. जिल्ह्यातून तक्रारी गेल्या होत्या. दहावीच्या बोर्डात आमची मुले मागे पडतात, बाकी राज्यात वेगळे पुस्तक आणि इथेच हे वेगळे का, असा सूर होता. देशभरातल्या शास्त्रज्ञांनी आणि शिक्षणतज्ज्ञांनी विरोध केला, पण निर्णय फिरला नाही. ही टीका अगदीच पोकळ होती असे म्हणून मी मोकळी होणार नाही. आठवीपर्यंत करून पाहायला शिकलेल्या मुलाला नववीत एकदम पाठांतराच्या गाड्यात बसवले तर ते गांगरणारच. आणि ज्या बापाने शेत गहाण टाकून मुलाला शिकवले, त्याला दहावीच्या टक्क्यांची चिंता असणार, त्यात त्याचे काय चुकले? फक्त एक गोष्ट खटकते. नववी-दहावीची परीक्षा का बदलू नये, हा प्रश्न कोणी फारसा विचारला नाही. बदलले ते आधीचे वर्ग.

बीज मात्र राहिले. 2005 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याच्या समितीचे अध्यक्ष होते प्रा. यशपाल. त्या आराखड्यानुसार केंद्राची विज्ञानाची पुस्तके निघाली तेव्हा विज्ञान-गणिताच्या सल्लागार गटाचे अध्यक्ष होते आपल्या कोल्हापुरात जन्मलेले डॉ. जयंत नारळीकर. आणि 1978 मध्ये पुण्यातल्या टेल्कोच्या नोकरीतून रजा काढून होशंगाबादला गेलेला एक तरुण इंजिनिअर तिथे आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्वची नळी जोडून त्रिकोण, चौकोन, घरे बनवायला लागला. ते अरविंद गुप्ता. पुढे पुण्याच्या आयुकातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी वर्षानुवर्षे मुलांसाठी टाकाऊतून खेळणी केली आणि 2018 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. या शोधिकेच्या उभारणीला पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानची मदत झाली होती. बेळगावात काही काळ प्राध्यापकी केलेल्या पु. लं.चे हे देणे आपल्या भागाला मुद्दाम सांगावेसे वाटते.

आता आपल्या घराकडे येऊ. आपल्या सीमाभागातल्या मुलांपुढे विज्ञानाच्या तासाला आणखी एक गोष्ट असते, ती म्हणजे शब्द. घरी अज्जी कन्नडमध्ये बोलते, आई मराठीत, शाळेत तिसरेच. मूल मराठी शाळेतून कन्नड शाळेत गेले की 'लोहचुंबक' तिथे 'अयस्कांत' होतो, 'आम्लारी'चे 'प्रत्याम्ल' होते, 'प्रकाशसंश्लेषणा'चे 'द्युतिसंश्लेषणे' होते. पालक घाबरतात. मला तर ही श्रीमंती वाटते. ऑक्सिजनचेच घ्या. मराठीत आपण त्याला प्राणवायू म्हणतो, म्हणजे तो काय करतो ते सांगतो. कन्नडमध्ये 'आम्लजनक', म्हणजे आम्ल निर्माण करणारा. हा शब्द 'ऑक्सिजन'चा नेमका अनुवाद आहे. अठराव्या शतकात फ्रान्सच्या लाव्हाझिएला वाटले होते की प्रत्येक आम्लात हा वायू असतोच, म्हणून त्याने ते नाव दिले. पुढे कळले की तसे नाही. मिठाच्या आम्लात, म्हणजे हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये, ऑक्सिजनचा पत्ताच नसतो. एवढा मोठा शास्त्रज्ञ चुकला आणि ती चूक नावात तशीच राहिली! दोन भाषा येणाऱ्या घरात ही गोष्ट जेवताना सांगता येते.

आम्लावरून आठवले. हळद, म्हणजे अज्जीची 'अरिशिन', पाण्यात कालवून कागदाला लावा, वाळवा, आणि त्यावर चुन्याच्या निवळीचा थेंब टाका. कागद लाल होतो. त्यावर लिंबू पिळा, पुन्हा पिवळा. घरी कुंकू याच रीतीने होत असे हे जुन्या बायकांना ठाऊक आहे. जास्वंदीच्या, म्हणजे 'दासवाळ'च्या पाकळ्यांचा रस घ्या, तो आम्लात गुलाबी आणि चुन्यात हिरवट होतो. मात्र चुना डोळ्यांपासून दूर, आणि हात धुतल्याशिवाय खाणे नाही.

दुसरा प्रयोग मे महिन्यातला. बेळगाव, कोल्हापूर, सोलापूर या पट्ट्यात मेच्या पहिल्या पंधरवड्यात एक दिवस असा येतो की भर दुपारी उभ्या काठीची सावली नाहीशी होते. इंदूरला हाच दिवस जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास येतो, कारण सूर्य तोवर उत्तरेकडे सरकलेला असतो. स्नेहलतागंजातली भाची आणि इकडची मुले यांनी आपापल्या गच्चीवर काठी रोवून रोज सावली मोजली तर दोन गावांमधले अंतर त्यांना आकाशात दिसेल. आणि सावली सर्वांत लहान बाराला न होता साडेबाराच्या आसपास का होते, हा प्रश्न मूल आपण होऊन विचारेल. लगेच उत्तर देऊ नका.

शाळेतल्या सुरक्षेच्या नियमांवर मात्र तडजोड नको. वास घ्यायचा तर हाताने वाफ नाकाकडे ओढून. परीक्षानळीचे तोंड कोणाच्याही चेहऱ्याकडे नाही. आम्ल पाण्यात घालायचे, पाणी आम्लात कधीच नाही, कारण उष्णतेने ते उसळून अंगावर येते. स्पिरिटचा दिवा फुंकायचा नाही, टोपण ठेवून विझवायचा. वेणी बांधलेली, ओढणी खोचलेली. चव कशाचीच घ्यायची नाही. हे नियम मुलाला पाठ करायला लावण्यापेक्षा कारण सांगितले तर लवकर लक्षात राहतात.

आणि शाळेत पालकसभेला जाल तेव्हा वहीच्या कव्हराऐवजी दुसरे काही विचारा. या महिन्यात मुलांनी स्वतःच्या हाताने किती प्रयोग केले? एका टोळीत किती मुले? मुली फक्त लिहितात आणि मुलगे साहित्य हाताळतात, असे तर होत नाही ना? कामे आलटून पालटून दिली जातात का? हे विचारायला कायद्याचाही आधार आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे सहावी ते आठवीत पस्तीस मुलांमागे एक शिक्षक हवा, आणि विज्ञान-गणितासाठी शाळेत किमान एक शिक्षक असायला हवा. तो शिक्षक आहे का, आणि नसेल तर विज्ञान कोण शिकवते, हे विचारणे म्हणजे भांडण नव्हे. त्या बाईंना किंवा सरांना साहित्यासाठी वर्षाला किती पैसे मिळतात तेही विचारा. पुष्कळदा खडू सोडून काही मिळत नाही, आणि ते सांगायला त्यांना कोणी विचारणारे हवे असते.

'बाल वैज्ञानिक'ची हिंदी पुस्तके एकलव्यच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात. अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळावर मराठी आणि कन्नड दोन्ही भाषांतली मुलांची पुस्तके आहेत. आगकाड्या आणि व्हॉल्वच्या नळीचा खर्च दहा-वीस रुपयांच्या वर जात नाही. नळी सायकलच्या दुकानात मागा; दुकानदार आधी सायकल कुठे आहे ते विचारेल.