ध्रुव खरंच अढळ आहे का?

कोथरूडमध्ये गच्चीवर गेलं की दिव्यांच्या झगमगाटातही उत्तरेकडे, एआरएआयच्या टेकडीच्या बाजूला, मध्यम तेजाचा एक तारा सापडतो. तो ध्रुव. त्याच्याविषयी आणि एकूणच ‘स्थिर’ ताऱ्यांविषयी लहानपणापासून ऐकलेल्या काही समजुती तपासून पाहू.

गैरसमज १ : ध्रुव हा सर्वांत तेजस्वी तारा.
वस्तुस्थिती : तेजात त्याचा क्रमांक पन्नासच्या आसपास लागतो, पहिला मान व्याधाचा. ध्रुवाचं महत्त्व त्याच्या जागेमुळे. क्षितिजापासून त्याची उंची म्हणजे जवळजवळ आपला अक्षांश; कोथरूडहून सुमारे १८.५ अंश. हात लांब करून क्षितिजावर एकावर एक दोन मुठी धरा, ध्रुव त्यांच्या वरच्या टोकाशी असेल.

गैरसमज २ : ध्रुव अढळ आहे.
वस्तुस्थिती : खऱ्या ध्रुवबिंदूपासून तो अर्ध्या अंशाहून थोडा दूर आहे आणि रोज त्याभोवती लहानसं वर्तुळ काढतो. शिवाय पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा डुलतो. एका फेरीला सुमारे २६,००० वर्षं लागतात. सुमारे ५,००० वर्षांपूर्वी ध्रुवपदाचा मान कालेय तारकासमूहातल्या ठुबानकडे होता.

गैरसमज ३ : उत्तरायण मकरसंक्रांतीला सुरू होतं.
वस्तुस्थिती : सूर्य उत्तरेकडे वळतो तो २१-२२ डिसेंबरला. अक्षाच्या त्याच डुलण्यामुळे संपातबिंदू (दिवस-रात्र समान असतात तेव्हाची सूर्याची जागा) ताऱ्यांच्या तुलनेत ७२ वर्षांत सुमारे एक अंश मागे सरकतो आणि संक्रांत मात्र ताऱ्यांवरून मोजतात, म्हणून हा फरक. लोकमान्य टिळकांनी ‘ओरायन’ (१८९३) या ग्रंथात वेदांच्या काळाचा अंदाज बांधला, तो वसंतसंपात मृगशीर्षात असल्याच्या खुणा शोधूनच.

गैरसमज ४ : निदान ताऱ्यांची आपसातली जागा तरी बदलत नाही.
वस्तुस्थिती : तीही बदलते, तिला निजगती म्हणतात. १७१८ मध्ये एडमंड हॅलीने ग्रीकांच्या जुन्या नोंदी ताडून पाहिल्या, तेव्हा व्याध आणि स्वाती सरकलेले आढळले. स्वाती वर्षाला २.२८ विकला सरकते. १२९० मध्ये ‘ज्ञानेश्वरी’ लिहिली गेली तेव्हापासून ती जवळजवळ चंद्रबिंबाच्या रुंदीएवढी हलली आहे! २०१३ मध्ये सोडलेल्या ‘गाया’ यानाने तर सुमारे १८० कोटी ताऱ्यांच्या जागा मोजल्या.

मेअखेरीस रात्री सव्वादहाच्या सुमारास स्वाती कोथरूडच्या जवळजवळ थेट डोक्यावरून जाते. मान वर करून पाहा. ती हललेली आपल्याला दिसणार नाही. हॅलीला कळलं, कारण त्याच्या आधी दीड हजारांहून अधिक वर्षांपूर्वी कुणीतरी तिची जागा नीट लिहून ठेवली होती.