पंच कोणाचा?

कंपनीशी पीक-करार करणाऱ्या कास्तकार बंधूंस आमची सूचना आहे की, पंच नेमण्याचे कलम आधी वाचावे. वादात ज्याचे हित गुंतले आहे, त्याने एकट्याने एकमेव पंच नेमू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली ठरविले आहे. पंच कंपनीचा नोकर वा सल्लागार असल्यास १९९६ च्या लवाद कायद्यान्वये तो अपात्र होय. मात्र वाद उद्भवल्यावर आपण लेखी संमती दिल्यास ही हरकत संपते. इतर बाबतींत रास्त संशयाचे कारण कळताच पंधरा दिवसांत लेखी हरकत घ्यावी. ती फेटाळली गेल्यास, निवाडा हाती आल्यापासून तीन महिन्यांत तो रद्द करण्यासाठी न्यायालयात अर्ज करावा. केवळ अर्जाने वसुली थांबत नाही. स्थगिती निराळी मागावी लागते. निवाडा विरुद्ध गेला, एवढ्यावरून मात्र पक्षपात सिद्ध होत नाही.